बजेट मदरबोर्ड आणि ओव्हरक्लॉकिंग: पैसे नेमके कशावर घालावेत?

अर्धवर्तुळ

नमस्कार मंडळी. नवीन डेस्कटॉप जुळवायला घेतलाय. प्रोसेसर जवळपास ठरलाय, रायझन ५ ७६००. इंटेलचा कोअर आय५ १२६००के हा दुसरा पर्याय अजून डोक्यातून गेलेला नाही. काम म्हणाल तर दिवसभर कोड कंपाइल करणं, अधूनमधून ब्लेंडरमध्ये रेंडर आणि बरंचसं व्हिडिओ एन्कोडिंग. म्हणजे सगळे कोअर बराच वेळ पूर्ण भाराखाली राहणार.

अडलंय ते मदरबोर्डवर. प्रत्येक खोक्यावर फेजचे (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या शाखांचे) आकडे आहेत, कुठे ८+२+१, कुठे १४, कुठे १६. किमतीत दुपटीचा फरक आणि वर्णन वाचावं तर सगळेच ओव्हरक्लॉकिंगसाठी, म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवायला, तयार. बोर्डावर जास्त घातले तर ते कूलर आणि रॅममधून कापावे लागतील. ओव्हरक्लॉकिंग मनापासून शिकायचंय, पण विक्रम वगैरे करायचे नाहीत. रोज चालेल आणि रात्रभराचं रेंडर मध्येच पडणार नाही, इतकंच हवंय. स्वस्तातल्या बोर्डावर हे जमतं का? बघायचं काय काय?

सोल्डर

जमतं, आणि ७६०० सारख्या सहा कोअरच्या प्रोसेसरवर तर फारच चांगलं जमतं. पण सुरुवात फेजपासून करू नका, चिपसेटपासून (बोर्डावरच्या नियंत्रक चिपपासून) करा. परवानगी तिथून मिळते. चिपसेटने दार बंद केलं असेल तर बोर्डावर कितीही तांबं ओतलेलं असो, उपयोग नाही.

एएम५ सॉकेटवर (७६०० ज्यात बसतो त्यावर) बी६५०, बी६५०ई, बी८५० आणि वरचे सगळे एक्स मालिकेतले चिपसेट प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग करू देतात. ए६२० आणि बी८४० करू देत नाहीत, त्यांच्यावर फक्त रॅमचा वेग वाढवता येतो. बी८४० बाबतीत विशेष सांभाळा. नावात 'बी' असल्यामुळे तो बी८५०चा धाकटा भाऊ वाटतो, पण या बाबतीत तो ए६२०च्या रांगेत बसतो.

इंटेलकडे दोन कुलुपं आहेत. प्रोसेसरच्या नावात 'के' हवा आणि बोर्ड झेड मालिकेतला हवा. १२६००केसाठी झेड६९० किंवा झेड७९०. बी६६० आणि बी७६० वर रॅम वाढवता येते, मल्टिप्लायर (बसच्या, म्हणजे मूळ घड्याळाच्या वेगाला ज्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो आकडा) नाही. एच६१० वर तेही नाही. म्हणजे इंटेलच्या बाजूने 'बजेट ओव्हरक्लॉकिंग बोर्ड' म्हणजे सगळ्यात खालचा झेड. त्याच पैशात एएमडीकडे मधल्या फळीतला, बऱ्यापैकी दणकट बी६५० मिळून जातो. तुमच्या अटी पाहता माझं मत सरळ ७६०० आणि बी६५० कडे आहे.

आता व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणारा बोर्डावरचा भाग. एसएमपीएसमधून बोर्डाला १२ व्होल्ट येतात, प्रोसेसरला लागतात साधारण सव्वा. हा उतार सॉकेटच्या डाव्या आणि वरच्या बाजूला असलेले मॉस्फेट (विजेचे स्विच) आणि चोक (तारेची वेटोळी) मिळून करतात. काम करताना काही वीज उष्णता होऊन वाया जाते. समजा प्रोसेसर १.२ व्होल्टला १२० अँपिअर ओढतोय, म्हणजे १४४ वॅट. व्हीआरएमची कार्यक्षमता ९० टक्के असेल तर १६ वॅट तिथेच तापणार. ८५ टक्के असेल तर २५ वॅट. अंगठ्याच्या नखाएवढ्या मूठभर चिपांवर २५ वॅट, आणि वर हीटसिंक नाही, असा बोर्ड रात्रभराच्या रेंडरमध्ये काय करेल? ठरावीक तापमानाला पोचला की प्रोसेसरचा वेग खाली ओढेल. तुम्ही बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) आकडा वाढवलेला असेल आणि प्रत्यक्षात मूळ वेगापेक्षाही हळू चालत असेल.

फेज जास्त असण्याचा खरा फायदा इथे आहे. मॉस्फेटमधल्या विरोधामुळे होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तोच प्रवाह दुप्पट फेजमध्ये वाटला तर प्रत्येकात निम्मा जातो, प्रत्येकाची ही उष्णता चौथाई होते आणि सगळ्यांची मिळून निम्मी. पण खोक्यावरचा आकडा हा बऱ्याचदा चोक मोजून लिहिलेला असतो. एकाच सिग्नलवर दोन-दोन पॉवर स्टेज (मॉस्फेटचे संच) जोडून ७ चे १४ करणं सर्रास चालतं. त्यात वाईट काही नाही, उष्णता तशीही वाटली जाते. फक्त १४ म्हणजे १४ स्वतंत्र फेज असं समजून जास्तीचे पैसे देऊ नका. ८+२+१ मध्ये पहिला आकडा कोअरचा, दुसरा एसओसीचा (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलर वगैरे भागाचा), शेवटचा बाकी किरकोळ गोष्टींचा. तुमच्या कामाचा पहिला.

पॉवर स्टेजवर ५०, ६०, ८० अँपिअर लिहिलेलं असतं. तो आकडा आदर्श परिस्थितीतला. चिप तापली की क्षमता उतरते, आणि कार्यक्षमता सर्वांत चांगली असते ती त्या आकड्याच्या बऱ्याच खाली. म्हणून सहा गुणिले पन्नास बरोबर तीनशे, असा हिशेब करून निर्धास्त होऊ नये.

तुमच्या प्रोसेसरचा हिशेब बघा. ७६०० ची टीडीपी (कंपनीने जाहीर केलेला उष्णतेचा आकडा) ६५ वॅट, पण सॉकेटमधून तो ८८ वॅटपर्यंत घेतो. १०५ वॅटवाल्या ७६००एक्सला १४२ वॅटची मुभा आहे. १७० वॅटवाल्या मोठ्या रायझन ९ ला २३० वॅट. तुम्ही ७६०० मोकळा सोडलात तरी साधारण ७६००एक्सच्या पट्ट्यात खेळाल. त्यासाठी कोअरचे सहा ते आठ फेज, डीआरमॉस प्रकारचे (मॉस्फेट आणि त्यांचा ड्रायव्हर एकाच चिपमध्ये असलेले) पॉवर स्टेज आणि दोन्ही बाजूंना स्क्रूने बसवलेला हीटसिंक एवढं पुष्कळ झालं. त्याच्या वर घातलेले पैसे तुमच्या रेंडरचा वेळ कमी करणार नाहीत.

जुनंखोड

वरच्या प्रतिसादाला +१. वाखु (वाचनखूण) साठवली.

एक भर घालतो. हीटसिंकचा फोटो समोरून बघून काही कळत नाही. बरेच बजेट बोर्ड डावीकडच्या मॉस्फेटवर भला मोठा चकचकीत हीटसिंक लावतात आणि वरची रांग उघडी सोडतात. दुसरं, हीटसिंक भरीव आहे की आतून पोकळ आणि वर प्लॅस्टिकचं टोपण, हे बाजूने घेतलेल्या फोटोतच दिसतं. पंख्याची हवा जायला खाचा हव्यात. गुळगुळीत ठोकळा दिसायला छान, पण हवेला स्पर्श करायला पृष्ठभागच कमी.

आणि रेव्हिजन बघा. त्याच नावाचा बोर्ड वर्षभराने रेव्हिजन बदलून येतो आणि आतले पॉवर स्टेज वेगळे असतात. परीक्षण एका रेव्हिजनचं वाचायचं आणि हातात दुसरी पडायची, असं होतं. बोर्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेलं असतं.

शांतपंखा

मला प्रश्न वेगळाच पडलाय. हे सगळं करण्यात आता अर्थ उरलाय का? १९९८ चा सेलेरॉन ३००ए आठवा. मल्टिप्लायर ४.५ ला बांधलेला, बस ६६ मेगाहर्ट्झची. ४४०बीएक्स चिपसेटच्या बोर्डावर बस १०० वर नेली की ३०० चा प्रोसेसर थेट ४५० वर. वर त्याची १२८ केबीची कॅश (प्रोसेसरजवळची छोटी, जलद मेमरी) प्रोसेसरच्याच वेगाने धावायची, पेंटियम टूची मोठी कॅश निम्म्या वेगाने. स्वस्त प्रोसेसर महागड्याच्या तोडीचा व्हायचा. २०१४ चा पेंटियम जी३२५८ हा त्या परंपरेतला शेवटचा म्हणता येईल, दोन कोअर का असेनात.

आज कंपन्या कारखान्यातच सगळं पिळून घेतात. ७६०० स्वतःहूनच ५.१ गिगाहर्ट्झला जातो. हाताने १००-२०० मेगाहर्ट्झ वाढवायचे, त्यासाठी व्होल्टेज वाढवायचं, आवाज वाढवायचा. वीज वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.२० चं १.३० केलं आणि वेग ४ टक्के वाढवला तर वीज सुमारे २२ टक्के जास्त. ४ टक्क्यांसाठी २२ टक्के! त्यापेक्षा साधा ए६२० घ्यावा आणि उरलेले पैसे एक पायरी वरच्या प्रोसेसरवर घालावेत. पैसे मोजून घेतलेले जास्तीचे दोन कोअर कुठल्याही ओव्हरक्लॉकिंगपेक्षा जास्त कामाला येतात.

सोल्डर

शांतपंखा, गणित बिनचूक आहे. म्हणूनच सगळे कोअर एका आकड्याला बांधून व्होल्टेज चढवायची जुनी पद्धत मी रायझनवर कुणाला सुचवत नाही. त्यात एका कोअरचा वरचा बूस्टही (आपणहून घेतलेला जास्तीचा वेग) जातो. कंपाइल करताना शेवटचं लिंकिंग एकाच कोअरवर चालतं, तिथे तोटा दिसतो.

पण आजचं ओव्हरक्लॉकिंग उलट दिशेने चालतं. पीबीओने (बूस्ट सैल करणाऱ्या एएमडीच्या बायोसमधल्या सोयीने) विजेची मर्यादा ८८ वरून वाढवायची आणि कर्व्ह ऑप्टिमायझरने व्होल्टेज कमी करायचं. प्रत्येक वेगाला किती व्होल्टेज द्यायचं याचा तक्ता प्रोसेसरमध्ये असतो, आणि कंपनीने तो सगळ्यात कमकुवत नमुन्यालाही पुरेल असा सढळ ठेवलेला असतो. उणे आकडा दिला की तो तक्ता खाली सरकतो. एका पायरीला ढोबळमानाने ३ ते ५ मिलिव्होल्ट. त्याच विजेत आणि त्याच तापमानात प्रोसेसर आपणहून वर चढतो. तुमचे २२ टक्के इथे लागू पडत नाहीत, कारण व्होल्टेज वाढवलेलंच नाही.

आणि यासाठी बी६५० लागतो. ए६२० वर एएमडीनेच ते दार बंद ठेवलंय. वरच्या प्रोसेसरचा मुद्दा मात्र मला मान्य आहे. बी६५० आणि ए६२० मधल्या फरकात जर खरंच आठ कोअर येत असतील तर एन्कोडिंगवाल्याने आठ कोअर घ्यावेत. फक्त एक लक्षात ठेवा, सर्वांत स्वस्त ए६२० बोर्डांचे व्हीआरएम इतके हलके असतात की आठ कोअर दिवसभर भाराखाली चालवणं त्यांच्यावर अन्याय आहे.

टायमिंग

सगळे प्रोसेसरवर बोलताय, रॅम विसरलात. रायझन ७००० मालिकेत रॅममधून मिळणारा फायदा कित्येक कामांत क्लॉकपेक्षा जास्त असतो. डीडीआर५ ६००० हा या प्रोसेसरांचा ठरलेला सुखाचा बिंदू आहे. तिथपर्यंत मेमरी कंट्रोलर रॅमच्याच वेगाने चालतो. त्याच्या फार वर गेलात की कंट्रोलर निम्म्यावर येतो आणि मोठा आकडा असूनही विलंब वाढतो.

बोर्ड निवडीशी याचा संबंध असा. दोन स्लॉटचा बोर्ड दिसला तर नाक मुरडू नका. रॅमपर्यंतच्या वाटा आखूड आणि सरळ असतात, वेग जास्त शांतपणे मिळतो. चार स्लॉटच्या बोर्डावरही दोनच काड्या लावा, प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. चार काड्या भरल्या की एएमडीची अधिकृत मर्यादा ७००० मालिकेत ५२०० वरून थेट ३६०० वर येते. रेंडरसाठी जास्त रॅम लागणार असेल तर आधीच मोठ्या दोन घ्या.

आणि बायोस आधी अद्ययावत करा, मग एक्स्पो (रॅम तिच्या जाहीर वेगाला चालवणारं सेटिंग) चालू करा. २०२३ मध्ये ७८००एक्स३डी प्रोसेसर सॉकेटसकट जळाल्याची प्रकरणं झाली होती. एक्स्पो चालू केल्यावर बोर्ड एसओसीला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देत होते. त्यानंतर एएमडीने १.३ व्होल्टची मर्यादा घातली. जुन्या साठ्यातला बोर्ड आला तर त्यात जुनं बायोस असू शकतं. म्हणूनच बजेट बोर्डातही बायोस फ्लॅशबॅकचं बटण मी अट म्हणून धरतो. प्रोसेसर न लावता, नुसत्या पेनड्राइव्हवरून बायोस भरता येतं.

जुनंखोड

बजेट खरंच घट्ट असेल तर एएम४ (एएमडीचं आधीचं सॉकेट) अजून मोडीत निघालेलं नाही. रायझन ५ ५६०० आणि बी५५०, किंवा चांगल्या व्हीआरएमचा बी४५०. ए५२० घेऊ नका, तिथेही प्रोसेसरचं दार बंदच. एमएसआयचा बी४५० टॉमाहॉक मॅक्स आजही जुन्या बाजारात दिसला तर मी डोळे झाकून घेईन. कोअरसाठी चारच फेज मोजलेले, पण घटक भक्कम आणि हीटसिंक खराखुरा. फेज मोजून बोर्ड ठरवणाऱ्यांसाठी हा बोर्ड उत्तम उदाहरण आहे. 'मॅक्स'मध्ये बायोसची चिपही १६ ऐवजी ३२ एमबीची, त्यामुळे नव्या प्रोसेसरांची अडचण नाही.

एक्स३डीवाल्यांनी (जास्तीच्या कॅशचे रायझन घेणाऱ्यांनी) मात्र लक्षात ठेवा, ५८००एक्स३डी आणि ७८००एक्स३डी दोन्हींचा मल्टिप्लायर बंद आहे. ९८००एक्स३डीपासून तो खुला झाला.

अर्धवर्तुळ

सर्वांना मनापासून धन्यवाद. एवढं सविस्तर कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. दोन शंका.

१. इंटेलच्या बी६६० बोर्डांवर 'के' नसलेले प्रोसेसरही ओव्हरक्लॉक होतात असं वाचलं. खरं का?
२. बोर्ड हातात आल्यावर तो भार पेलतोय की नाही, हे तपासायचं कसं?

सोल्डर

१. खरं आहे, पण त्यावर बजेट आखू नका. २०२२ च्या सुरुवातीला बाराव्या पिढीत ही फट सापडली. बोर्डावर वेगळा क्लॉक जनरेटर असेल तर बस वाढवून आय५ १२४०० सारखा प्रोसेसर पाचच्या आसपास नेता येत होता. पण असे बी६६० बोर्ड हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, शिवाय ठरावीक बायोस हवं. इंटेलने ही वाट कधीच आपली मानली नाही. स्कायलेकच्या (इंटेलच्या सहाव्या पिढीच्या) वेळीही अशीच फट सापडली होती आणि नव्या बायोसमधून ती बुजवली गेली.

बी६६० वर दुसरी एक गोष्ट मात्र उघडपणे करता येते, विजेची मर्यादा वाढवणं. प्रोसेसर आपल्या बूस्टवर जास्त वेळ टिकतो. त्यासाठीही व्हीआरएम चांगलाच लागतो.

तेराव्या किंवा चौदाव्या पिढीकडे वळलात तर बायोसमध्ये ०एक्स१२९ किंवा त्यानंतरचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम) आहे ना, हे सगळ्यात आधी बघा. जास्तीच्या व्होल्टेजने प्रोसेसर हळूहळू खराब होत होते, त्यावरचा हा उपाय ऑगस्ट २०२४ मध्ये आला. आधीच झिजलेला प्रोसेसर त्याने दुरुस्त होत नाही, म्हणून जुना घेताना दुप्पट सावध. बाराव्या पिढीला हा त्रास नाही.

२. एचडब्ल्यूइन्फो (तापमान, वेग वगैरे दाखवणारा प्रोग्राम) उघडा. व्हीआरएमचा सेन्सर 'व्हीआरएम' किंवा 'मॉस' अशा नावाने दिसतो. सिनेबेंचचा (रेंडर करून प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणाऱ्या चाचणीचा) अर्धा तासाचा फेरा लावा आणि तो आकडा बघत बसा. प्रोसेसर काही सेकंदांत तापतो, व्हीआरएमला स्थिरावायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. दोन मिनिटांच्या चाचणीवरून बोर्डाला प्रमाणपत्र देऊ नका. ८०-९० अंशांत थांबला तर आनंद आहे. शंभराच्या पुढे रेंगाळत असेल तर हवेकडे बघा. कॅबिनेटच्या मागच्या पंख्याजवळच व्हीआरएम असतो. तो पंखा थोडा वाढवला तरी फरक दिसतो. पाण्याचा कूलर लावणार असाल तर सॉकेटभोवती हवा खेळतच नाही, तेव्हा हे जास्त महत्त्वाचं. तुमच्या प्रोसेसरला टॉवर कूलर पुरतो, आणि त्याचा पंखा जाता जाता व्हीआरएमलाही थोडी हवा देतो.

शांतपंखा

लोडलाइनबद्दलही सांगा, नवे लोक तिथे हमखास अडकतात. भार आला की व्होल्टेज थोडं खाली येतं, ते यायलाच हवं. एलएलसी (हे खाली येणं रोखणारं लोडलाइनचं सेटिंग) सर्वांत कडक पातळीवर नेली की भार सुटतानाचा उसळता झटका प्रोसेसरवर येतो. आणि आकड्यांची दिशा प्रत्येक कंपनीची वेगळी. एसुसमध्ये मोठा आकडा कडक, एमएसआय आणि एएसरॉकमध्ये १ कडक. कर्व्ह ऑप्टिमायझर वापरणार असाल तर ऑटोवर राहू द्या.

अर्धवर्तुळ

अपडेट. बी६५० चिपसेटचा दोन स्लॉटचा छोटा बोर्ड घेतला. कोअरचे आठ फेज, दोन्ही रांगांवर हीटसिंक, फ्लॅशबॅक बटण. वाचलेले पैसे कूलर आणि रॅममध्ये गेले. बायोस आधी अद्ययावत केलं, मग एक्स्पो ६०००, मग पीबीओ आणि कर्व्ह ऑप्टिमायझर सगळ्या कोअरना उणे ३०. रेंडर रात्रभर चाललं, व्हीआरएम सत्तरच्या आसपास राहिला, सिनेबेंचचा आकडाही छान वाढला.

पण एक विचित्र प्रकार आहे. भाराखाली काही होत नाही. संगणक नुसता बसलेला असताना, किंवा ब्राउझरमध्ये एखादं पान उघडताना, अचानक रीस्टार्ट होतो. बोर्ड कमी पडतोय का?

सोल्डर

बोर्डाचा दोष नाही, उणे ३० चा आहे. पूर्ण भारात प्रत्येक कोअर कमी वेगाने चालतो, म्हणून तिथे तगतो. हलक्या कामात एकटा कोअर सर्वांत वरच्या बूस्टला उडी मारतो आणि तिथे त्याला व्होल्टेज कमी पडतं. रात्रभराच्या रेंडरने हे कधीच पकडता येत नाही.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टीमच्या नोंदीत डब्ल्यूएचईए-लॉगर, क्रमांक १८ शोधा. त्यात प्रोसेसर एपीआयसी आयडी दिलेला असतो. त्याला दोनाने भागा, अपूर्णांक सोडून द्या, कोअर सापडला. आयडी ६ किंवा ७ असेल तर कोअर ३, मोजणी शून्यापासून.

अर्धवर्तुळ

सापडलं. सगळ्या नोंदींत ४ आणि ५ च आहेत. म्हणजे कोअर २. बाकी पाच जणांचं एकदाही नाव नाही.

सोल्डर

मग बाकीच्यांना हात लावू नका. कर्व्ह ऑप्टिमायझर 'ऑल कोअर' वरून 'पर कोअर' वर आणा, कोअर २ ला उणे १५ द्या, इतरांना आहे तेच. एचडब्ल्यूइन्फोमध्ये कोअरची पसंतीक्रमवारी दिसते. कोअर २ पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर असेल तर नवल वाटायला नको, सर्वांत वर जाणाऱ्या कोअरकडे सढळपणा सर्वांत कमी उरलेला असतो. नंतर कोअरसायकलर लावा, तो एकेका कोअरला एकट्याला पळवतो. रात्री झोपताना सुरू करून ठेवा. सकाळी एखाद्या कोअरपुढे चूक दिसली तर त्या कोअरला पाच पायऱ्या परत द्या आणि पुन्हा चालवा. निकाल इथेच टाका, म्हणजे पुढचं बघू.